पितळ उघडं पडेल, या भीतीबद्दल

दोन वर्षांपूर्वीची दिवाळी. केनवडला घरासमोरच्या आवारात सोयाबीनची सुडी लावलेली होती आणि थ्रेशरवाल्याची वाट पाहत मी ओट्यावर बसलो होतो. माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीत तिला लागून आठ महिने झाले होते. पेढे देऊन झाले, पाया पडून झालं. मग आसपास कुणी नाही असं बघून ती हळूच म्हणाली, "सर, मले वाट्टे त्यायनं मले चुकून घेतलं."

मला वाटलं, विनयानं बोलते आहे. पण तिनं फोन काढला आणि नेमणुकीचं पत्र उघडून माझ्यासमोर धरलं. हे पत्र ती अधूनमधून उघडून पाहायची. काय पाहायची? स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनावातलं एकेक अक्षर. आपल्याच नावाची दुसरी एखादी मुलगी मुलाखतीला आली असेल, तिचं पत्र आपल्याला आलं असेल आणि एक दिवस ऑफिसात कुणीतरी ते ओळखेल, अशी भीती तिच्या मनात घर करून होती. ही मुलगी माझ्या वर्गात पाच वर्षं पहिली येत होती. तिच्या वह्या मी इतर मुलांना दाखवायचो.

या पुस्तकाची सुरुवात त्या ओट्यावर झाली.

आपल्याकडे या भीतीला नेमका वाक्प्रचार आहे: पितळ उघडं पडणं. इंग्रजीत जे 'इम्पोस्टर सिंड्रोम' म्हणून गाजतं आहे, त्यातल्या 'इम्पोस्टर'ला तर मराठीत फार जुना शब्द आहे, तोतया. पानिपतात सदाशिवरावभाऊ पडले आणि काही वर्षांनी भाऊंचं नाव लावून एक माणूस उभा राहिला. त्यानं माणसं जमवली, किल्ले घेतले, पेशवाईला घोर लावला. शेवटी १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांनी त्यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिलं. त्या प्रकरणातली एक गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. खरा तोतया दुसऱ्याचं नाव लावून लोकांसमोर उभा राहिला. आणि आमची पोरं स्वतःचं नाव, स्वतःचे गुण आणि स्वतःची मेहनत घेऊन उभी असतात, तरी त्यांना आपण तोतये वाटतो. या दोन टोकांमध्ये काय घडतं, ते समजून घेण्याची धडपड म्हणजे हा विषय.

या अनुभवाला नाव मिळालं १९७८ मध्ये. अमेरिकेत अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठात काम करणाऱ्या पॉलीन रोझ क्लान्स आणि सुझान आयम्स या दोन मानसतज्ज्ञांनी एक निबंध प्रसिद्ध केला. दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांशी झालेल्या बोलण्यातून त्यांच्या लक्षात आलं, की पदव्या, बढत्या, लोकांची शाबासकी हे सगळं असूनही या बायका मनातून स्वतःला हुशार मानत नाहीत. परीक्षकांची चूक झाली, नशीब जोरावर होतं, आपण गोड बोलून वेळ मारून नेली, अशी कारणं त्या स्वतःच्या यशाला लावतात. क्लान्स स्वतः अ‍ॅपलेशियाच्या डोंगराळ, ग्रामीण भागात वाढलेल्या. मोठ्या विद्यापीठात शिकताना प्रत्येक परीक्षेआधी त्यांनाही हीच धास्ती असायची. म्हणजे ज्या बाईनं या दुखण्याला नाव दिलं, तीही खेड्यातून आलेली होती. केनवडच्या मुलांना मी ही गोष्ट आवर्जून सांगतो.

त्या दोघींनी 'सिंड्रोम' हा शब्द वापरलाच नव्हता. त्यांनी त्याला 'फिनॉमेनन' म्हटलं, म्हणजे आढळणारी एक गोष्ट, एक अनुभव. रोगांच्या अधिकृत याद्यांमध्ये हा विकार म्हणून आजही नाही. 'सिंड्रोम' हे शेपूट पुढे बाजारात लागलं आणि त्यानं नुकसान केलं असं माझं मत आहे. पोराला धीर द्यायचा सोडून आपण त्याच्या हातात आजाराचं नाव देतो.

क्लान्स यांनी १९८५ च्या पुस्तकात या भीतीचं चक्र मांडलं. काम समोर येतं, पोटात गोळा येतो. मग माणूस एक तर गरजेपेक्षा तिप्पट राबतो, नाही तर शेवटच्या रात्रीपर्यंत टाळतो. काम पार पडतं, घटकाभर हायसं वाटतं. राबला असेल तर म्हणतो, 'मरमर केली म्हणून जमलं, अक्कल कुठं होती?' टाळलं असेल तर म्हणतो, 'तुक्का लागला.' दोन्हीकडून हिशेब एकच निघतो: यात मी नव्हतो. आणि पुढचं काम आलं की चक्र पुन्हा फिरतं. शंभर यशं गाठीला बांधली तरी ही गाठ सुटत नाही, कारण यश आत शिरतच नाही.

इथं न्यूनगंड आणि ही भीती यांतला फरक सांगायला हवा, कारण आपल्याकडे दोन्ही एकाच पोत्यात भरतात. न्यूनगंडाची कल्पना व्हिएन्नाच्या अल्फ्रेड अ‍ॅडलरची. त्यात माणूस स्वतःला कमी समजतो आणि बरेचदा पाऊलच उचलत नाही. तोतयेपणाची भीती असलेला माणूस पाऊल उचलतो, पोचतोही. पुरावा हातात असतो. तो पुरावाच त्याला खोटा वाटतो.

ज्या १९७८ सालात अटलांटात तो निबंध निघाला, त्याच साली मुंबईत ग्रंथालीनं दया पवारांचं 'बलुतं' प्रसिद्ध केलं. त्या पुस्तकाची रचना आठवून पाहा. दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि ती ऐकणारा असतो दया पवार. एकाच माणसाचे दोन तुकडे, एक गावकुसाबाहेरचा, दुसरा शहरात शिकलासवरलेला, आणि दोघांना एकमेकांची पुरती ओळख पटलेली नाही. या विषयावर मराठीत याहून खोल लिखाण मला ठाऊक नाही. मानसशास्त्रानं जे प्रश्नावल्यांतून पाहिलं, ते आपल्या दलित आत्मकथनांनी आतून पाहिलं. या विषयाचा इतिहास लिहिताना बहुतेक पुस्तकं ही बाजू वगळतात. मला ती मध्यभागी ठेवावीशी वाटते.

आता आत्मविश्वासाकडे. त्याच्या अभ्यासाला सव्वाशे वर्षांहून जास्त इतिहास आहे. विल्यम जेम्सनं १८९० मध्ये स्वाभिमानाचं साधं गणित मांडलं: वरती यश, खाली अपेक्षा. यश तेवढंच राहून अपेक्षा वाढली तर भागाकार घसरतो. गावात पहिला आलेला मुलगा शहरात गेल्यावर त्याचे गुण कमी होत नाहीत, खालचा आकडा मोठा होतो. विसाव्या शतकात या विचाराला वेगवेगळ्या वाटा फुटल्या. एक वाट सभागृहांकडे गेली: नॉर्मन व्हिन्सेंट पील यांचं सकारात्मक विचारांवरचं १९५२ चं पुस्तक, त्याच्या मागून आलेली शेकडो पुस्तकं, मोठमोठ्यानं घोषणा द्यायला लावणारी शिबिरं. कॅलिफोर्निया राज्यानं तर १९८६ मध्ये स्वाभिमान वाढवण्यासाठी सरकारी कृतिदलच नेमलं होतं. पुढे २००३ मध्ये रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन तपासलं. स्वतःबद्दल चांगलं वाटल्यामुळे काम चांगलं होतं, याला त्यांना फारसा आधार सापडला नाही. चांगलं काम झाल्यावर चांगलं वाटतं, याला मात्र होता. आमच्याकडेही अशी भाषणं होतात. मुलं भारावून जातात आणि आठवड्यानं माझ्याकडे येऊन विचारतात, 'सर, ते तेव्हा वाटलं होतं, आता कुठं गेलं?' अशा भाषणांवर खर्च होणारा पैसा शाळेच्या वाचनालयावर खर्च व्हावा, असं मी गेली अनेक वर्षं सांगत आलो आहे.

दुसरी वाट जास्त कामाची. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं की 'मी हे काम करू शकतो' हा भरवसा चार ठिकाणांहून येतो: स्वतः करून पाहिल्यानं, आपल्यासारख्या कुणाला करताना पाहिल्यानं, विश्वासू माणसाच्या बोलण्यानं आणि धडधडत्या छातीचा अर्थ आपण कसा लावतो त्यावरून. आमच्या भागात हे कुणाला शिकवावं लागत नाही. तिफण शिकणारं पोर आधी बापाच्या मागून चालतं. मग बाप रुमणं त्याच्या हातात देतो आणि दोन पावलं मागे राहतो. पहिलं तास वाकडं जातं. बाप ते मोडत नाही, पेरलेलं तसंच उगवू देतो. महिन्याभरानं ते वाकडं तास हिरवं झालेलं पोर रोज पाहतं. बांडुरांच्या चारपैकी पहिली दोन ठिकाणं त्यात थेट दिसतात.

'आपल्यासारख्या कुणाला पाहणं' हे त्या चारांतलं दुसरं, आणि शिक्षण-नोकरीच्या बाबतीत खेड्यात तेच दुर्मिळ. म्हणून मी मुलांना शिरपूरच्या नामदेव कांबळे यांच्याबद्दल सांगतो. जैनांच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाचं हे शिरपूर आमच्याच जिल्ह्यातलं, मालेगाव तालुक्यातलं. तिथल्या या लेखकाच्या 'राघववेळ' कादंबरीला १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, २०२१ मध्ये ते पद्मश्री झाले. आपल्या बाजूच्या मातीतला माणूस तिथवर जातो, हे कळल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते दूरच्या कुठल्याही यशोगाथेनं उमटत नाही.

तिसरी शाखा विचारांवर काम करणारी. अल्बर्ट एलिस आणि अ‍ॅरन बेक यांनी मनातली वाक्यं तपासायला शिकवलं. 'मी चुकलो' आणि 'मीच चुकीचा' या दोन वाक्यांमध्ये केवढं अंतर आहे, हे एलिस यांनी ठासून सांगितलं. मराठी वाचकाचं भाग्य असं की हा विचार त्याच्यापर्यंत चांगल्या मराठीत पोचला. कि. मो. फडके यांनी एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धती इथं रुजवली, अंजली जोशी यांनी 'मी अल्बर्ट एलिस' लिहिलं आणि आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थनं तो सामान्य घरांपर्यंत नेला. क्रिस्टिन नेफ यांचं २००३ पासूनचं काम याच्या शेजारी ठेवण्यासारखं आहे. मित्र चुकला तर आपण त्याच्याशी ज्या आवाजात बोलू, त्या आवाजात स्वतःशी बोलावं, एवढंच त्या म्हणतात. साधं वाटतं. करून पाहिल्यावर किती जड जातं ते कळतं.

या सगळ्या शाखा माणसाच्या डोक्यात शिरतात. चौथा प्रवाह विचारतो, दुखणं डोक्यातच आहे हे ठरवलं कुणी? २०२१ मध्ये रुचिका तुलश्यान आणि जोडी-अ‍ॅन ब्युरी यांनी 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त लिहिलं, की बायकांना हे लेबल लावणं थांबवा. ज्या जागी तुम्हाला रोज परकं ठरवलं जातं, तिथं परकं वाटणं हा मनाचा बिघाड नाही. हे वाचताना मला बडोदा आठवलं. १९१७ मध्ये कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून आलेले बाबासाहेब आंबेडकर तिथं नोकरीला गेले. त्यांना राहायला जागा मिळाली नाही, कचेरीत शिपाई लांबून कागद टाकायचे. त्यांच्या विद्वत्तेत काय उणं होतं?

परकं ठरवल्यानं काय होतं, याचा पुरावाही आपल्या देशातलाच आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कोडी सोडवायला दिली, ३२१ मुलं वरच्या जातींची आणि ३२१ खालच्या मानलेल्या जातींची. जात उघड केली नव्हती तेव्हा दोन्हींच्या कामात फरक दिसला नाही. सगळ्यांसमोर नाव, बापाचं नाव आणि जात पुकारल्यावर दलित मुलांची सुटलेली कोडी ठळकपणे घटली. बुद्धीत फरक नव्हता. फक्त हजेरी घेतली गेली होती.

मी स्वतः हे भोगलं आहे. घरातला पहिला पदवीधर मी. पुढच्या शिक्षणासाठी मोठ्या शहरातल्या एका कॉलेजात गेलो. पहिल्याच आठवड्यात प्रश्नाचं उत्तर द्यायला उठलो आणि तोंडून 'मले' निघालं. वर्ग हसला, शिकवणारेही हसले. उत्तर बरोबर होतं, ते कुणी ऐकलं नाही. त्यानंतर पूर्ण सत्र मी वर्गात तोंड उघडलं नाही. निकाल लागला तेव्हा पहिला वर्ग होता आणि मी खिडकीवर जाऊन कारकुनाला विचारलं, "हा बैठक क्रमांक माझाच आहे ना, एकदा बघता का?" चाळीस वर्षांनी त्या मुलीनं ओट्यावर फोन धरला, तेव्हा मला ती खिडकी दिसली.

आता एक गोष्ट जी कुठल्याही शाखेत मला सापडली नाही आणि जिच्यासाठी मी हे पुस्तक लिहिलं असं म्हणता येईल. आपण यशाबद्दल बोलतो कसं, ते ऐका. पोराला नोकरी लागली. पोरीचा मेडिकलला नंबर लागला. लॉटरी लागते, पाऊस लागतो, तसा नंबर लागतो. करणारा माणूस वाक्यात नसतोच. 'मी नोकरी मिळवली' असं कुणी म्हणालं तर आपल्याला ते उद्धट वाटतं. अपयशाची वाक्यं मात्र बघा: मी नापास झालो, मी बुडवलं, माझंच चुकलं. तिथं 'मी' ठणठणीत हजर असतो. यश आपोआप लागतं आणि अपयश मी करतो, असं आपण लहानपणापासून बोलत आलो. मग तेच खरं वाटू लागलं तर नवल नाही.

याचं मूळ शेतीत आहे असं मला वाटतं. कोरडवाहू सोयाबीन आणि तुरीवर जगणाऱ्या माणसाच्या हातात पाऊस नसतो, भाव नसतो. चांगलं पिकलं तर तो आकाशाकडे हात जोडतो आणि ते खरंही असतं. पण त्याच सवयीनं मुलगी बारावीच्या रसायनशास्त्राचंही श्रेय आकाशाला देते, तेव्हा हिशेब चुकतो. दुसरं मूळ नम्रतेत आहे. चोखोबांचं जन्मगाव म्हणून मानलं जाणारं मेहुणाराजा आमच्या शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात. त्यांच्यासारख्या वारकरी संतांनी स्वतःला लहान म्हटलं, ते विठ्ठलासमोर. साहेबासमोर लहान व्हायला त्यांनी सांगितलं नव्हतं. नम्रतेनं मान लवते, धास्तीनं ती खाली जाते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं आणि आपण शाळेत दोन्हींना एकच शाबासकी देतो.

हा विषय आत्ताच का? वाशीम १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा जिल्हा झाला. देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत त्याचं नाव आलं. मालेगावहून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या गावातून आता दरवर्षी मुलंमुली पुणे, नागपूर, संभाजीनगर गाठतात. घरातली पहिली, गल्लीतली पहिली. जायची वाट तयार झाली, पोचल्यावर तिथं टिकायचं कसं हे सांगणारं कुणी नाही. त्यात हातातल्या फोनवर दिवसभर दुसऱ्यांची यशं. आणि अलीकडे नवी शंका: लिहिलेलं मी लिहिलं की यंत्रानं? ही पिढी आधीच्या कुठल्याही पिढीपेक्षा जास्त वेळा स्वतःला तपासते आहे.

या विषयाच्या मर्यादाही सांगतो. २०२० मध्ये ६२ अभ्यासांचा आणि १४,१६१ माणसांचा एकत्रित आढावा निघाला. ही भावना किती जणांत आढळते, याची उत्तरं ९ टक्क्यांपासून ८२ टक्क्यांपर्यंत होती. मोजपट्टी बदलली की आकडा बदलतो. ती बायकांपुरती नाही, पुरुषांतही आढळते, हेही त्यातून दिसलं. आणि त्या आढाव्यात नेमक्या उपायांची पारख करणारा एकही अभ्यास नव्हता. त्यामुळे कुणी सात दिवसांत ही भीती घालवून देतो म्हणाला, तर पैसे देऊ नका. बसिमा ट्यूफिक यांच्या संशोधनात तर असंही दिसलं, की अशा शंका असलेली माणसं इतरांशी वागताना जास्त लक्ष देणारी असतात. थोडी शंका कामाची असते. तिनं झोप आणि भूक खाल्ली की प्रश्न सुरू होतो.

या पुस्तकात मी काय केलं? त्या दिवाळीत त्या विद्यार्थिनीला एक वही दिली. डावीकडे लिही: मी काय केलं. उजवीकडे: कुणाची मदत झाली, नशिबानं काय दिलं. दोन्ही खरं लिही. उजवी बाजू तिनं चटकन भरली. डावी भरायला तिला तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी तिथं एक ओळ आली: सहा महिने सकाळी आई म्हशीची धार काढायची तेव्हा मी गोठ्यात उभी राहून तिला इंग्रजीत माझी ओळख सांगायची, आई 'हाव' म्हणायची. ती मुलाखत चुकून पार पडली नव्हती. ती गोठ्यात पार पडली होती, दीडशेहून जास्त वेळा. आईचा 'हाव' उजव्या बाजूला गेला आणि उभं राहणं डाव्या बाजूला.

पुढे अशा बऱ्याच वह्या जमल्या. नर्स, शिक्षक, तलाठी, अभियंता, एक दुकानदार, दोन गृहिणी. नावं काढून टाकली आहेत, बोली ठेवली आहे. त्यांच्या शेजारी मी मानसशास्त्रातलं जे पडताळून घेता आलं ते ठेवलं. शिक्षकांसाठी वेगळं लिहिलं आहे, कारण वर्गात हसणारा शिक्षक किती वर्षं नासवतो हे मला माहीत आहे. आणि जिथं अपमान खरा आहे, तिथं 'विचार बदला' असं मी कुठंही सांगितलेलं नाही. तिथं तक्रार कशी करायची, सोबत कोण घ्यायचं, हे सांगितलं आहे. हे उपचारांचं पुस्तक नाही. झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर हे बाजूला ठेवून आधी १४४१६ हा क्रमांक फिरवा. ही सरकारची 'टेली मानस' सेवा आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

शेवटची आठ पानं कोरी ठेवली आहेत. मधोमध एक उभी रेघ आहे. वाचून झाल्यावर डावी बाजू आधी भरा. शुद्धलेखन बघू नका, वऱ्हाडीत लिहिलं तरी चालेल. आणि पुस्तक दुसऱ्याला द्यायचं झालं तर ती पानं फाडून स्वतःजवळ ठेवा.

केनवड, ता. रिसोड, जि. वाशीम